जगातल्या सर्वांत वेगवान पेशी, मुक्काम जळगाव जामोद

कय्यूमभाई खोटं काढतो हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस पीएच.डी. होता. ही हकीकत त्या दोघांची आहे. थोडी माझीही आहे, पण माझ्यावर मी नंतर येईन. आधी दुसऱ्यांना नावं ठेवून घेऊ द्या.

कय्यूमभाई म्हणजे जखमा बांधणारा माणूस. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं ड्रेसर होता. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता स्कूटीला स्टीलचा डबा अडकवून माझ्या मेडिकलसमोर हजर झाला. "वामनराव, गॉझ द्या, सलाईन द्या अन् एक चिकटपट्टी द्या. पुंजाजीचा पाय धुवाचा आहे." तेव्हापासून डॉक्टर मंडळी कागदावर 'रोज ड्रेसिंग' एवढंच खरडतात आणि पुढचं कय्यूमभाईवर सोडून देतात. साखरेचे पाय, भाजलेले हात, पाठीवरची गळवं, तालुक्याचं जे जे उघडं पडलं ते याने झाकलं. हात इतका हलका, की ओरडायचं ठरवून बसलेली माणसं ओरडायची राहून जातात. तोंड मात्र हलकं नाही. एक पट्टी सुटून दुसरी बसेपर्यंत तो तीन घरांच्या भानगडी सांगून मोकळा होतो.

त्याची एक पद्धत होती. रेडिमेड शर्टाच्या पाकिटाचं पारदर्शक प्लास्टिक त्याच्या मेहुण्याच्या दुकानातून यायचं. दर आठ दिवसांनी ते स्पिरिटने पुसायचं, जखमेवर धरायचं आणि मार्करने तिचा काठ गिरवायचा. कोपऱ्यात नाव आणि तारीख. मग मागच्या आठवड्याचा तुकडा त्यावर ठेवून रोग्याच्या डोळ्यांपुढे धरायचा. "पाह्य, मागच्या खेपी एवढी होती. आता एवढी राह्यली. भरून राह्यली ना बे?" रोगी बघायचा, मान डोलवायचा आणि पुढच्या आठ दिवसांची पट्टी निमूट सोसायचा.

खोटं होतं ते इथे. मार्कर काठावरून फिरायचाच नाही, दर खेपेला ज्वारीच्या दाण्याएवढा आणखी आतून फिरायचा. एखादा फार खचलेला असला तर दोन दाणे आतून. आणि जखम खरोखरच बिघडायला लागली की कय्यूमभाई प्लास्टिक डब्यातून काढायचाच नाही. त्या दिवशी भानगडीही सांगायचा नाही. घरच्यांना ते लगेच कळायचं. पुढे कोणी काही बोलत नसे, गाडी ठरायची आणि माणूस अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याला निघायचा. गावात एवढा एकच रिपोर्ट असा होता, की जो वाचायला कोणाला चष्मा लागला नाही.

आता पीएच.डी.कडे येऊ. गजेंद्र आमच्या गल्लीतला, पुष्पाबाईंचा एकुलता एक. हुशार, याबद्दल वाद नाही. पुण्याला शिकला, तिथून येताना पदवी आणली आणि बोलणंही बदलून आणलं. जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक लागला. त्याचा विषय असा, की माणसाच्या शरीराचा तुटका-फुटका भाग पुन्हा उगवायचा. चामडी गेली तर तिथे एक बारीक जाळी बसवायची, तिच्या भोकांतून आजूबाजूच्या पेशी आत शिरायच्या, वस्ती करायच्या आणि नवी चामडी तयार. जाळीची भोकं केवढी हवीत, पेशी कोणत्या वेगाने सरकतात, हे सगळं गणिताने आधीच सांगायचं. कॉम्प्युटरवर नकली जखम, त्यावर नकली जाळी. त्याला मॉडेल म्हणायचं.

एकदा माझ्या काउंटरला टेकून त्याने मला हे समजावलं. मी विचारलं, "अन् जाळी कुठं आहे?"

"काका, जाळी बनवणं हा पुढचा टप्पा. आधी मॉडेल."

"म्हणजे अजून नाही."

"मॉडेलमध्ये आहे ना."

त्याची प्रयोगशाळा मी पाहिली आहे. एक कॉम्प्युटर, एक एसी, एक पाटी आणि चपला बाहेर काढण्याची सूचना. त्या पडद्यावर त्याने आजवर चार हजार जखमा बऱ्या केल्या होत्या. खरी जखम पाहिली की मात्र त्याला गरगरायचं. एकदा पुंजाजी दुकानात पाय वर करून दाखवायला लागले, तर डॉक्टरसाहेब माझ्या काउंटरखाली बसले. त्यांना ओआरएस मीच पाजलं.

तर अशा या गजेंद्रचा लेख परदेशातल्या एका नियतकालिकाने परत पाठवला. गणित सुंदर आहे, पण खऱ्या जखमांशी ताडून पाहा, असं म्हणे. आता खऱ्या जखमा आणायच्या कुठून? कोणीतरी कय्यूमभाईच्या डब्यांचं नाव घेतलं. तो माणूस म्हणजे मी. म्हटलं होतं ना, माझ्यावर येईन.

एकोणीस वर्षांचे प्लास्टिकचे तुकडे बिस्किटांच्या अकरा डब्यांत नीट तारीखवार लावलेले होते. गजेंद्र कय्यूमभाईच्या ओसरीत मांडी घालून बसला, एक-एक तुकडा उजेडात धरत गेला. "चाचा, हा खजिना आहे. असा डेटा पुण्यात नाही."

"सर, हे तसं मापाचं काम नाही आहे," कय्यूमभाई पुटपुटला. "आपलं असंच आहे. लोकाइले दाखवाचं."

"नम्रता सोडा, चाचा."

सायराभाभी दारात उभ्या होत्या. "सांगून टाका ना त्याले," त्या म्हणाल्या. कय्यूमभाईने बायकोकडे पाहिलं, मग डब्यांकडे. त्या डब्यांना घरातही आजवर 'कचरा' हाच शब्द होता. खजिना म्हणणारा पहिलाच माणूस भेटला होता आणि तोही पुण्याचं बोलणारा. त्याने अकराच्या अकरा डबे उचलून दिले. मीही तिथेच होतो, मलाही सगळं ठाऊक होतं आणि मी चहा पीत होतो.

दोन महिन्यांत निकाल लागला. कय्यूमभाईच्या तुकड्यांवरून काढलं तर आमच्या भागातल्या माणसांच्या पेशी पुस्तकातल्या पेशींपेक्षा दुपटीहून जास्त वेगाने सरकत होत्या. दुसऱ्या कोणाला इथे शंका आली असती. गजेंद्रला अभिमान वाटला. त्याने कारणंही शोधली. ज्वारीची भाकर, सातपुड्याची हवा, अनवाणी चालण्याची सवय. सगळ्या कारणांना गणितात एक-एक अक्षर मिळालं. शिवाय अकरा डब्यांत बिघडलेली जखम एकही नव्हती, म्हणजे आमच्या पेशी नुसत्या वेगवानच नव्हत्या, जिद्दीच्याही होत्या.

लेख छापून आला. स्थानिक पेपरात मथळा आला, 'जळगाव जामोदच्या पेशी जगात सर्वांत वेगवान'. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. सत्काराला आलेले प्रमुख पाहुणे म्हणाले, या पेशींचा वेग आपण रस्त्यांच्या कामालाही देऊ. कय्यूमभाईलाही शाल मिळाली. ती घेताना तो इतका खाली वाकला, की लोकांना विनय वाटला. माणूस तोंड लपवत होता.

मी दुकानात त्याला चिडवायचो, "काय बे कय्यूम, पेशी कशा आहेत?" तो हसायचा. तोवर या खोट्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून आम्हाला हसता येत होतं.

मग पुष्पाबाईंच्या पायाची पाळी आली. त्यांना साखर वीस वर्षांची. गजेंद्रने ऑनलाइन मागवलेली मऊ चप्पल उजव्या पायाला चावली आणि साखरेमुळे त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढा खड्डा होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, रोज ड्रेसिंग लिहिलं आणि बजावलं की पंधराव्या दिवशी काहीही झालं तरी परत आणा.

गजेंद्रने घरी येऊन मॉडेल चालवलं. मॉडेलने सांगितलं, चौतिसाव्या दिवशी जखम पूर्ण भरणार. छत्तिसाव्या दिवशी पुण्याला परिषद होती. आधी भाकीत आणि मग तंतोतंत खरी ठरलेली जखम, तीही स्वतःच्या आईची! त्याच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला तो लबाडीचा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की त्याने आईसाठी काहीतरी केलं. आलेखाचं चित्र काढून त्याने फ्रिजला चिकटवलं. एक घसरत जाणारी रेघ आणि तिच्या शेवटी लाल टिंब. पुष्पाबाई त्यावर दुधाच्या पिशव्या लिहून ठेवायच्या.

कय्यूमभाई पट्टीला जायला लागला. या खेपेला गजेंद्रला दर आठ नाही, दर तीन दिवसांनी काठ हवा होता. गजेंद्र खोलीबाहेर उभा राहायचा, प्लास्टिक दाराच्या फटीतून घ्यायचा आणि लॅपटॉपवर बसवायचा. प्रत्येक तुकडा रेघेवर बरोब्बर बसत होता. बसणारच. रेघही कय्यूमभाईच्याच हाताची आणि तुकडाही त्याच्याच हाताचा. दोन्ही वेळा मार्कर आतूनच फिरलेला.

पंधरावा दिवस आला. गजेंद्र म्हणाला, अकोल्याला कशाला उगाच दगदग, सगळं रेघेप्रमाणे चाललंय. अठराव्या दिवशी कय्यूमभाईने पट्टी सोडली आणि गप्प झाला. अंगठ्याच्या शेजारी काठ काळा पडला होता. त्याने धुतलं, बांधलं, डबा बंद केला. प्लास्टिक काढलंच नाही. पुष्पाबाईंना काय ते कळलं, पण लेकाची रेघ त्यांना मोडवेना. शेजारच्या बनाबाईंनी संध्याकाळीच पुष्पाबाईंकडे पोळीभाजीचा डबा पाठवला. म्हणजे गल्लीपर्यंत रिपोर्ट पोचला होता.

"चाचा, आजचा काठ?" गजेंद्रने दाराच्या फटीतून हात पुढे केला.

"प्लास्टिक नाई आहे, सर."

तिसऱ्या दिवशी गजेंद्रने घरी खोका आणून ठेवला. उत्तम प्रतीची पारदर्शक शीटं. पाचशे.

त्याच सकाळी कय्यूमभाई माझ्या दुकानात येऊन बसला. डबा मांडीवर, हात डब्यावर. "वामनराव, त्या माउलीचा पाय जाऊन राह्यला," तो म्हणाला. "अन् तो मले कागद आणून देऊन राह्यला."

"मग सांगून टाक ना त्याले."

"सांगतो. पन मंग मले दारात कोन घेईन? एकोणीस वर्षं सगळ्याइले खोटं दाखवलं, असं म्हनतीन ना लोकं."

लोकांना ते ठाऊकच आहे, असं मी त्याला तिथल्या तिथे सांगू शकलो असतो. पण त्याला ते ठाऊक नव्हतं. आपण सगळ्या तालुक्याला गुपचूप फसवतो, या समजुतीत तो एकोणीस वर्षं जगला होता. त्यातच त्याची सगळी हुशारी होती, ती काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याबरोबर कॉलेजात गेलो.

फाटकावर आमच्या पेशींचा फ्लेक्स फडफडत होता. चपला बाहेर काढून आम्ही आत गेलो. कय्यूमभाईने सगळं सांगितलं. दाणा सांगितला, दोन दाणे सांगितले, न काढलेलं प्लास्टिक सांगितलं. गजेंद्रने शांतपणे ऐकून घेतलं आणि हसला.

"चाचा, मोजताना चूक सगळ्यांची होते. थोडी आत, थोडी बाहेर. ती धरलेली आहे मी मॉडेलमध्ये. पाच टक्के."

"चूक नाई, सर. मुद्दाम."

"ठीक आहे, पण सरासरीत ते एकमेकांना खोडून जातं."

"कसं खोडीन? बाहेर एकदाही काढली नाई मी. सगळ्या आतच आहेत."

मी मग मध्ये पडलो. माझा स्वभाव तापट आहे आणि एसीत तो जास्त तापतो. "गजेंद्र, गेल्या दहा वर्षांत मी या गावात पाय गेलेल्यांना कुबड्या विकल्या आहेत. कोणाकोणाला विकल्या ते तोंडपाठ आहे. त्यांच्यातल्या एकाची तरी जखम शेवटपर्यंत त्या अकरा डब्यांत दाखव मला."

त्याने शोधलं. शहाणा मुलगा, शोधलं तरी. नाव टाकायचा, सुरुवातीचे दोन-तीन तुकडे यायचे आणि पुढे काही नाही. दुसरं नाव, तेच. तिसऱ्याला तो थांबला. पण गुडघे टेकायला तयार नव्हता. "अपुरा डेटा आहे एवढंच सिद्ध होतं," तो म्हणाला. "आईची रेघ तर बसतेय ना! पंधरा दिवसांचे सगळे बिंदू बसतायत."

कय्यूमभाई उठला. इतकी वर्षं मी त्याला ओळखतो, पण त्याचा चढा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "सर, तुमी पाच मिनिटं घरी चाला. तुमच्या मायचा पाय पाहा. नाई पाहवत असन तर भिंतीकडं तोंड करून उभे राहा. पन चाला."

पुष्पाबाई पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. गजेंद्र दाराच्या आत आला आणि चौकटीला धरून उभा राहिला. कय्यूमभाईने पट्टी सोडली. नव्या खोक्यातलं एक शीट काढलं, स्पिरिटने पुसलं, पायावर धरलं आणि मार्कर लावला. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा काठावरून फिरत होता. अंगठ्याला वळसा घालून, काळ्या भागाच्या बाहेरून, दुसऱ्या बोटाच्या बुडापर्यंत. तीन दिवसांपूर्वी गजेंद्रकडे असायला हवा होता तो काठ.

पुष्पाबाईंनी ते शीट हातात घेऊन दूर धरून पाहिलं. "आज पुरा काढला का रे कय्यूम?"

कय्यूमभाईचं तोंड उघडंच राहिलं. "तुमाले... मालूम होतं?"

"अख्ख्या गावाले मालूम आहे, बापा. तू गोड काढतो ते." त्यांनी शीट लेकाकडे केलं. "घे रे. बसव तुह्या रेघीवर."

गजेंद्रने ते घेतलं. त्याने लॅपटॉप काढला नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा आईच्या पायाजवळ खाली बसला, पाय पाहिला, उठून मोरीत जाऊन ओकला आणि परत येऊन गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली फ्रिजवर, आलेखाच्या मागे होती.

अकोल्यात दोन बोटं गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, पंधराव्या दिवशी आणलं असतं तर कदाचित बोटंही राहिली असती आणि आणखी आठवडा लावला असता तर घोटा गेला असता. गजेंद्रने हे दोन्ही ऐकलं. त्याने नियतकालिकाला पत्र लिहून लेख मागे घेतला आणि पुण्याला कळवलं की येत नाही. कॉलेजने फ्लेक्स काढला नाही, कारण तो काढायला मंजुरी लागते. पुढे वाऱ्याने तो फाटला, तेव्हा पुंजाजींनी नेऊन तुरीच्या ढिगावर अंथरला. जगातल्या सर्वांत वेगवान पेशी आता पुंजाजींची तूर राखतात.

कय्यूमभाईने शपथ घेतली, यापुढे खराच काठ काढणार. तीन आठवडे काढला. पुंजाजींनी आपला खरा काठ पाहिला आणि पट्टी बंद करून कोणत्या तरी पाल्याचा लेप लावून बसले. आणखी दोघांनी दार लावून घेतलं. माझ्याकडचा गॉझ पडून राहिला. गॉझ खपत होता म्हणून मीही इतकी वर्षं त्या गोड काठाबद्दल गप्प होतो, हे आता लिहूनच टाकतो. माणसाला आशा विकत मिळत नाही, म्हणून कय्यूमभाई फुकट वाटत होता. गल्ला माझा भरत होता. मला त्याची लाज वाटते.

पुष्पाबाई घरी आल्या त्या आठवड्यात कय्यूमभाईने मला मुद्दाम बरोबर नेलं. एकट्याने दार वाजवायचा त्याला धीर नव्हता. दार गजेंद्रने उघडलं. तो आता बॅटरी धरून पायाशी बसायचा. चेहरा पांढरा पडायचा, पण बसायचा. फ्रिजवरचा कागद गेला होता. त्याच्या जागी दुधाच्या पिशव्यांचा हिशेब वेगळ्या चिठोऱ्यावर होता.

कय्यूमभाईने पट्टी सोडली. टाक्यांची जागा एका बाजूला अजून ओली होती, लाल होती. त्याने प्लास्टिक पुसलं, पायावर धरलं आणि मार्कर हवेतच राहिला. आतून की काठावरून, त्याला सुचेना.

"दोन काढ," पुष्पाबाई म्हणाल्या. "खरा काढ अन् याले दे, गजेंद्रले. त्याले कामी येईन. अन् एक मले दाखवाले काढ. नेहमीसारखा."

कय्यूमभाईने दोन तुकडे काढले. पहिला सावकाश, काठाला धरून. तो गजेंद्रच्या हातात दिला. दुसरा झरझर, दोन दाणे आतून. तो पुष्पाबाईंपुढे धरला. त्यांनी तो नीट पाहिला, मान डोलवली आणि पाय लांब केला.

"भरून राह्यली," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "हाव ना रे?"

गजेंद्रने हातातल्या खऱ्या तुकड्याकडे पाहिलं. तो पालथा करून मांडीवर ठेवला.

"हाव, माय," तो म्हणाला. "लवकर भरून राह्यली."